मिनिमाइझ झाल्यावर बुद्धिबळाच्या सॉफ्टवेअरने कसे वागावे?

बुद्धिबळाचे प्रसारक भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे उन्हाळी सुट्टी म्हणजे बुद्धिबळाचे वर्ग आणि स्पर्धा, हे सांगलीत कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. आता या वर्गांमध्ये लाकडी पटांच्या शेजारी एखादा लॅपटॉपही असतो. त्या एकाच लॅपटॉपवर विश्लेषणाचे इंजिन (म्हणजे चाली शोधणारा प्रोग्रॅम), स्पर्धेतल्या जोड्या पाडण्याचे सॉफ्टवेअर, प्रवेशअर्जांची एक्सेल फाइल आणि कोणाचा तरी ऑनलाइन सरावाचा डाव असे सगळे एकाच वेळी उघडलेले असते. अशा ठिकाणी मिनिमाइझच्या बटणाबद्दल दोन अगदी उलट तक्रारी ऐकू येतात. एक म्हणतो, खिडकी खाली टाकली तरी पंखा घोंघावतोच आहे, एक्सेल अडखळते आहे आणि बॅटरी तासाभरात संपते आहे. दुसरा म्हणतो, रात्रभर डाव तपासायला लावले होते, पण खिडकी खाली टाकल्यावर काम जिथल्या तिथे थांबून राहिले. दोघांचेही म्हणणे बरोबर आहे, कारण दोघांनी तेच बटण वेगवेगळ्या हेतूने दाबलेले असते आणि सॉफ्टवेअरने तो हेतू ओळखण्याचा प्रयत्नच केलेला नसतो.

हा लेख प्रामुख्याने असे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी आहे, मग ते व्यवसाय म्हणून लिहिणारे असोत किंवा सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून. तयार सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्रशिक्षकांना उपयोगी पडतील अशा गोष्टी ओघात येतीलच. सर्व पायऱ्यांना आधार म्हणून एक सूत्र धरले आहे. स्पर्धेच्या सभागृहात खेळाडू पाणी प्यायला पटावरून उठतो, तेव्हा त्याचे घड्याळ थांबत नाही, प्रतिस्पर्ध्याचा विचार थांबत नाही आणि पंच येऊन मोहरी आवरत नाहीत. मिनिमाइझ करणे म्हणजे असे पटावरून उठणे आहे, डाव सोडणे नव्हे. म्हणून ज्या कामाच्या निकालाची कोणी वाट पाहत आहे ते चालूच राहिले पाहिजे, आणि जे केवळ पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी चालले होते ते ताबडतोब थांबले पाहिजे.

पहिली पायरी: सॉफ्टवेअरचे भाग वेगळे ओळखा

पडद्यावर एकच खिडकी दिसत असली, तरी आत पट रंगवणारा भाग, डावाचे नियम आणि चालींची नोंद ठेवणारा भाग, घड्याळ, आवाज, ऑनलाइन खेळत असल्यास सर्व्हरशी जोडणी, आणि इंजिन असे निरनिराळे भाग असतात. त्यांपैकी इंजिन बहुतेक वेळा त्या सॉफ्टवेअरचा भागही नसते. स्टॉकफिशसारखे इंजिन हा एक स्वतंत्र प्रोग्रॅम असतो आणि पट दाखवणारे सॉफ्टवेअर त्याच्याशी यूसीआय नावाच्या संकेतभाषेत साध्या मजकुराच्या ओळींनी बोलते. ही संकेतभाषा रुडॉल्फ ह्यूबर आणि श्रेडर इंजिनाचे कर्ते श्टेफान मायर-काहलेन यांनी २००० साली आणली. इंजिनाला स्वतःची खिडकी नसल्यामुळे मिनिमाइझ झाल्याचे त्याला कळतच नाही. पंखा का थांबत नाही, याचे उत्तर इथेच मिळते: पट खाली गेला, पण गणित करणाऱ्याला कोणी काही सांगितलेलेच नाही.

याचीच दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे. इंजिन विश्लेषणाच्या ओळी ज्या पाइपमधून, म्हणजे दोन प्रोग्रॅमना जोडणाऱ्या मार्गातून, पाठवते, त्या पाइपची क्षमता मर्यादित असते. खिडकी दिसत नाही म्हणून सॉफ्टवेअरने त्या ओळी वाचणेच बंद केले, तर पाइप भरतो, पुढची ओळ लिहिताना इंजिन अडून बसते आणि घड्याळ लावलेल्या डावात त्याची वेळ कारण नसताना संपते. म्हणून नियम असा ठेवावा की ओळी वाचणे कधीही थांबवायचे नाही. फक्त त्या दाखवणे थांबवायचे. प्रत्येक पर्यायी मार्गाची शेवटची ओळ जपून ठेवली आणि मधल्या टाकून दिल्या, तर काहीही बिघडत नाही. वाचनाचे काम पट रंगवण्याच्या थ्रेडवर (प्रोग्रॅममधल्या कामाच्या त्या धाग्यावर) न ठेवता वेगळ्या थ्रेडवर ठेवले, की हा प्रश्न मुळातूनच निकालात निघतो.

दुसरी पायरी: खिडकी खरोखर मिनिमाइझ झाली आहे का, ते पाहा

खिडकीवरचा फोकस जाणे (म्हणजे क्लिक आणि टायपिंग दुसऱ्या खिडकीकडे जाणे), ती दुसऱ्या खिडकीखाली झाकली जाणे, मिनिमाइझ होणे, पडदा लॉक होणे आणि संगणक झोपी जाणे या पाच वेगवेगळ्या घटना आहेत, आणि अनेक प्रोग्रॅम त्यांची सरमिसळ करतात. सर्वांत त्रासदायक सरमिसळ म्हणजे फोकस गेला की विश्लेषण थांबवणे. प्रशिक्षक डावीकडे पट आणि उजवीकडे टिपणांची फाइल ठेवून लिहीत असतो. त्याने टिपणात क्लिक केले म्हणून इंजिन थांबले, तर सॉफ्टवेअर त्याच्या कामाच्या आड येते. विंडोजमध्ये खिडकीचा आकार बदलल्याच्या संदेशासोबत ती मिनिमाइझ झाल्याची खूण येते आणि क्यूटी या खिडक्या बनवण्याच्या साधनसंचामध्ये खिडकीची अवस्था बदलल्याची घटना मिळते; निर्णय त्यावरच घ्यावा. ब्राउझरमध्ये मात्र पान ‘दृश्य’ आहे की ‘अदृश्य’ एवढेच कळते, त्यामुळे मिनिमाइझ झाले की दुसरा टॅब उघडला हे ओळखण्याच्या फंदात पडू नये.

तिसरी पायरी: रंगवणे थांबवा, पण डाव रंगवण्यावर अवलंबून ठेवू नका

मोहरे सरकण्याचे ॲनिमेशन, मूल्यांकनाचा वर-खाली होणारा पट्टा, बाणांच्या खुणा हे सर्व मिनिमाइझ होताच थांबले पाहिजे. हे करणे सोपे आहे आणि त्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. अडचण येते ती ज्यांनी डावाची गती ॲनिमेशनच्या हाती दिलेली असते त्यांना. हत्ती सरकत जाऊन घरात पोहोचला की मगच ‘चाल पूर्ण झाली’ असे मानायचे आणि मगच इंजिनाला पुढची स्थिती द्यायची, अशी रचना असेल, तर ब्राउझरमध्ये पान अदृश्य होताच ॲनिमेशनची पुढची चौकट (फ्रेम) मिळणे बंद होते, हत्ती अर्ध्या वाटेत अडकतो आणि डावही त्याच्यासोबत अडकतो. चाल नोंदवहीत आली त्या क्षणी ती झाली. पडद्यावरचे सरकणे ही फक्त तिची शोभा. हा क्रम उलटा लावलेला प्रोग्रॅम वरवरच्या डागडुजीने सुधारत नाही.

चौथी पायरी: घड्याळ ठोके मोजून चालवू नका

नवशिक्या प्रोग्रॅमरचे घड्याळ दर सेकंदाला एक वजा करते. खिडकी समोर असेपर्यंत ते ठीक चालते. ती खाली गेली की ऑपरेटिंग सिस्टिम किंवा ब्राउझर टायमरचे ठोके विरळ करतो आणि घड्याळ मागे पडते. क्रोममध्ये अदृश्य पानाचे टायमर साधारण सेकंदाला एकदाच चालतात, आणि २०२१ च्या जानेवारीत आलेल्या ८८ व्या आवृत्तीपासून, पान ५ मिनिटांहून अधिक काळ अदृश्य राहिले आणि त्यातून आवाज येत नसेल, तर अनेक टायमर मिनिटातून एकदाच तपासले जातात. विंडोज ११ मध्येही खिडकी मिनिमाइझ झालेल्या प्रोग्रॅमला बारीक अंतराचा टायमर मिळेलच याची हमी राहत नाही. ॲपलच्या संगणकांवर मॅव्हरिक्स या २०१३ च्या आवृत्तीपासून ॲप नॅप नावाची सोय आहे, ती न दिसणाऱ्या प्रोग्रॅमला असेच मंदावते. तीन मिनिटे अधिक प्रत्येक चालीला दोन सेकंद अशा ब्लिट्झमध्ये, म्हणजे झटपट डावात, मिनिटाला एक ठोका म्हणजे घड्याळ नसल्यातच जमा.

उपाय जुना आणि साधा आहे. चाल सुरू झाली त्या क्षणाची वेळ नोंदवावी आणि उरलेला वेळ हवा असेल तेव्हा ‘आता’ मधून तो क्षण वजा करून काढावा. ठोका उशिरा आला, तरी उत्तर बरोबरच येते. यासाठी भिंतीवरच्या घड्याळासारखी वेळ न घेता केवळ पुढे जाणारे घड्याळ घ्यावे, कारण इंटरनेटवरून संगणकाची वेळ दुरुस्त झाली तर खेळाडूला अचानक दोन मिनिटे मिळू शकतात किंवा त्याची दोन मिनिटे जाऊ शकतात. लिनक्सवर एक बारकावा लक्षात ठेवावा: तिथले नेहमीचे मोनोटॉनिक घड्याळ संगणक झोपलेला असताना पुढे सरकत नाही, तर बूटटाइम घड्याळ सरकते. झोपेचा काळ मोजायचा आहे की नाही हे आधी ठरवून मगच त्यांतले एक निवडावे.

मग संगणकाशी खेळताना मिनिमाइझ केल्यावर माणसाचे घड्याळ थांबवावे का? यावर मतभेद आहेत. माझे मत असे की ते आपण होऊन कधीही थांबवू नये. घरी सराव करणाऱ्याला दारावर कोणी आले म्हणून डाव थांबवायचा असेल, तर त्याच्यासाठी ‘थांबवा’ असे स्वतंत्र बटण असावे, आणि ते दाबल्यावर पट झाकला जावा. नाहीतर थांबलेल्या घड्याळाकडे पाहत फुकटचा विचार करता येतो. ‘मिनिमाइझ केल्यावर डाव थांबवा’ असा पर्याय द्यायचाच असेल, तर तो मुळात बंद ठेवावा. ऑनलाइन डावात तर हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिथे खरे घड्याळ सर्व्हरचे असते आणि आपले घड्याळ ही त्याची नक्कल.

पाचवी पायरी: इंजिनाशी प्रसंग पाहून वागा

इथे सर्वांत जास्त विचार लागतो, कारण इंजिन एकच असले, तरी ते चार वेगवेगळ्या कामांना जुंपलेले असू शकते.

घड्याळ लावलेल्या डावात इंजिनाची पाळी असेल, तर त्याला हातही लावू नये. प्रोसेसरचा वेळ मिळण्यातला त्याचा प्राधान्यक्रम कमी केला, तर ते त्याच वेळात कमी खोल विचार करेल आणि खेळाडूला कळणारही नाही की आपण दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला हरवले.

माणसाची पाळी चालू असताना इंजिन पाँडर करत असेल, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या वेळात आपल्या पुढच्या चालीचा विचार करत असेल, तर सरावाच्या डावात ते थांबवायला हरकत नाही. मात्र इथे एक प्रसिद्ध खड्डा आहे. यूसीआयमध्ये ‘स्टॉप’ पाठवल्यावर इंजिन गप्प बसत नाही; ते आपले ‘बेस्टमूव्ह’ कळवते. ही ओळ वाचून टाकून द्यावी लागते. ती तशीच राहिली, तर पुढच्या खेपेला सॉफ्टवेअर तिलाच नव्या स्थितीचे उत्तर समजते आणि इंजिन एखादी नियमबाह्य चाल खेळू पाहते. मिनिमाइझ आणि रिस्टोअर पटापट दोन-तीनदा केले असता जे डाव बिघडतात, त्यांत हे कारण पहिल्यांदा तपासावे.

तिसरा प्रसंग अमर्याद विश्लेषणाचा, आणि पंख्याची तक्रार येते ती यातूनच. ‘गो इन्फिनिट’ असा हुकूम मिळालेले इंजिन ‘स्टॉप’ येईपर्यंत काम करत राहते. मात सापडली तरी ते आपण होऊन थांबत नाही. प्रशिक्षकाने पट खाली टाकून एक्सेल उघडले आणि तो विसरून गेला, तर प्रोसेसरचे सगळे कोअर (गणित करणारे भाग) तासन्‌तास राबत राहतात. सांगलीच्या एप्रिलमध्ये, जेव्हा पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवरच चालवायचा असतो, तेव्हा ही उधळपट्टी परवडणारी नाही. पण सरसकट थांबवणेही चूक आहे, कारण अनेकजण ‘विचार करू दे, तोवर दुसरे काम करतो’ असे म्हणूनच खिडकी खाली टाकतात. म्हणून मधला मार्ग घ्यावा. वीज जोडलेली असेल, तर विश्लेषण चालू ठेवून इंजिनाचा प्राधान्यक्रम एक पायरी खाली आणावा. त्यामुळे संगणक रिकामा असेल तेव्हा ते पूर्ण वेगाने चालते आणि एक्सेलला गरज पडताच बाजूला सरते. बॅटरीवर असेल, तर ठरावीक काळाने, समजा पाच मिनिटांनी, विश्लेषण थांबवावे, निकाल जपून ठेवावा आणि थांबवल्याची नोंद करावी. हा काळ वापरणाऱ्याला बदलता आला पाहिजे.

ताण कमी करण्यासाठी थ्रेडची संख्या घटवावी, असे सहज सुचते, ते टाळावे. यूसीआयप्रमाणे असे पर्याय इंजिन विचार करत नसतानाच बदलता येतात, म्हणजे आधी विश्लेषण थांबवावे लागते, आणि स्टॉकफिशमध्ये थ्रेडची संख्या बदलली की हॅश टेबल, म्हणजे तपासलेल्या स्थितींचा साठा, नव्याने मांडले जाते, त्यामुळे आतापर्यंत साठवलेले गणित पुसले जाते. प्राधान्यक्रम बदलताना असे काही गमवावे लागत नाही. लिनक्सवर मात्र एक अडचण आहे: सामान्य वापरकर्त्याला ‘नाइस’चा, म्हणजे प्राधान्यक्रम ठरवणारा, आकडा वाढवून प्रक्रिया खाली ढकलता येते, पण खास परवानगीशिवाय तो पुन्हा उतरवून ती वर आणता येत नाही. म्हणून तिथे विश्लेषणाचे इंजिन सुरुवातीपासूनच एक-दोन पायऱ्या खाली चालवावे आणि मिनिमाइझच्या वेळी काही बदलू नये.

चौथा प्रसंग म्हणजे दोन इंजिनांचा सामना किंवा शे-दोनशे डावांची रात्रभराची तपासणी. हे काम लावणारा माणूस खिडकी खाली टाकणारच. इथे वेग कमी करणे, प्राधान्यक्रम बदलणे, बॅटरीची मर्यादा आपण होऊन लावणे यांपैकी काहीही करू नये. सामन्याच्या मध्येच परिस्थिती बदलली, तर आधीचे आणि नंतरचे डाव एका मापाने मोजलेले राहत नाहीत. कार्यक्षम आणि वेगवान असे दोन प्रकारचे कोअर असलेल्या नव्या प्रोसेसरांवर तर विंडोज पार्श्वभूमीतले काम आपण होऊन धीम्या कोअरकडे पाठवू शकते. म्हणून गंभीर सामन्यासाठी इंजिनाच्या प्रक्रियेला ऊर्जाबचतीतून वगळण्याची सोय असावी. शिवाय काम संपेपर्यंत संगणकाला झोपू न देण्याची विनंती ऑपरेटिंग सिस्टिमकडे नोंदवावी, पडदा मात्र विझू द्यावा, आणि काम संपताच ती विनंती मागे घ्यावी. ती मागे घ्यायला विसरलेले प्रोग्रॅम रात्रभर संगणक जागा ठेवतात आणि वीजबिल येईपर्यंत कोणाच्या ते लक्षातही येत नाही.

तयार सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला यातले बरेचसे हाताने साधता येते. इंजिनाच्या पर्यायांत सर्वच्या सर्व थ्रेड न देता एक-दोन मोकळे ठेवावेत, आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरच्या तपशिलाच्या पानावर इंजिनाच्या नावावर उजवे क्लिक करून प्राधान्यक्रम ‘बिलो नॉर्मल’ करावा. प्राधान्यक्रम पट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा नव्हे, इंजिनाचा बदलायचा आहे. यादीत ही दोन नावे वेगवेगळी दिसतात.

सहावी पायरी: हाक मारा, पण अंगावर येऊ नका

प्रतिस्पर्ध्याची चाल आली, घड्याळात थोडाच वेळ उरला, डाव संपला किंवा तपासणी पूर्ण झाली, एवढ्या चार गोष्टी मिनिमाइझ असतानाही कळवाव्यात. आवाज, टास्कबारवरच्या चिन्हाचे लुकलुकणे आणि खिडकीच्या शीर्षकातला बदल एवढे त्यासाठी पुरेसे आहे. खिडकी आपण होऊन वर आणू नये, कारण कोणी पासवर्ड टाइप करत असेल तर त्याची अक्षरे पटावर जाऊन पडतात. सूचनेत इंजिनाचे मूल्यांकन किंवा सुचवलेली चालही दाखवू नये. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला असतो, प्रशिक्षक मुलांना ‘पांढऱ्याची सर्वोत्तम चाल शोधा’ असे सांगत असतो, आणि कोपऱ्यात उत्तर झळकते. टास्कबारवरून नाहीसे होऊन घड्याळाशेजारच्या बारीक चिन्हांत जाऊन बसण्याची काही प्रोग्रॅमांची सवयही वाईटच. तशी निवड वापरणाऱ्याने केली असेल तरच ते करावे.

सातवी पायरी: ब्राउझर आणि मोबाइल

पानावरचे टायमर मंदावले, तरी वेबसॉकेटवरून (सर्व्हरशी सतत उघड्या असलेल्या जोडणीवरून) येणारे संदेश पोहोचतात, म्हणून चाल आल्याची दखल संदेश येताच घ्यावी, टायमरने विचारपूस करत राहू नये. प्रीमूव्ह, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पाळीतच आधी ठरवून ठेवलेली चाल, आपल्या बाजूला साठवलेली असेल, तर तीही संदेश मिळताच पाठवावी, पट रंगवण्याची वाट पाहू नये. ब्राउझरमध्ये चालणारे इंजिन वेब वर्करमध्येच, म्हणजे पानापासून वेगळ्या थ्रेडवर, ठेवावे. मोबाइलवर याहून पुढची तयारी लागते: अँड्रॉइड पार्श्वभूमीतला प्रोग्रॅम केव्हाही बंद करू शकतो आणि आयफोन त्याला थोड्याच वेळात गोठवतो, म्हणून अदृश्य होतानाच डावाची पूर्ण स्थिती साठवावी आणि प्रतिस्पर्ध्याची चाल कळवण्याचे काम सर्व्हरच्या पुश सूचनेवर सोपवावे. परत आल्यावर आपल्या आठवणीवर विसंबू नये; स्थिती आणि दोन्ही घड्याळे सर्व्हरकडून नव्याने घ्यावीत. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ऑनलाइन डाव आणि इंजिन दोन्ही आहेत, त्यात मानांकनाचा डाव चालू असेपर्यंत इंजिन बंदच राहिले पाहिजे, खिडकी वर असो की खाली.

आठवी पायरी: परत वर आणताना

रिस्टोअर केल्यावर, म्हणजे खिडकी परत वर आणल्यावर, पहिल्याच क्षणी पटावर आताची स्थिती दिसावी. दरम्यान झालेल्या पाच चाली एकामागून एक सरकवून दाखवण्याचा मोह आवरावा. शेवटच्या चालीची दोन घरे उठून दिसली आणि चालींच्या यादीत नव्या चाली वेगळ्या रंगात आल्या की पुरे. विश्लेषण मध्येच थांबवले असेल, तर ते कधी आणि का थांबवले हे एका ओळीत लिहावे, नाहीतर वापरणारा समजतो की इंजिनाने अर्धा तास विचार करून हे मूल्यांकन दिले. खिडकी समोर आल्यावर तिच्यावर झालेले पहिले क्लिक केवळ तिला पुढे आणण्यासाठी असू शकते, म्हणून त्या क्लिकने मोहरे उचलले जाऊ नये. वेळेच्या घाईत हरणाऱ्यांना याची किंमत चांगली ठाऊक असते.

नववी पायरी: तपासणी

तपासणी खिडकी समोर ठेवून करण्यात अर्थ नाही. मोबाइलवरचे स्टॉपवॉच आणि डावाचे घड्याळ एकाच वेळी सुरू करावे, खिडकी दहा मिनिटे खाली ठेवावी आणि मग दोन्ही वेळा ताडून पाहाव्यात. क्रोममध्ये ही चाचणी पाच मिनिटांच्या आत संपवली, तर खरा दोष दिसेलच असे नाही. अमर्याद विश्लेषण लावून मिनिमाइझ करावे, चार्जर काढावा आणि ठरवलेल्या वेळेनंतर इंजिनाचा प्रोसेसर-वापर शून्यावर येतो का, ते टास्क मॅनेजरमध्ये पाहावे. इंजिन भराभर ओळी पाठवत असताना अर्धा तास खिडकी खाली ठेवून ते अडून बसत नाही ना, हे पाहावे. इंजिन पाँडर करत असताना खिडकी वीसदा खाली-वर करावी आणि प्रत्येक वेळी पुढची चाल नियमात बसणारी आहे याची खात्री करावी. रात्रभराची तपासणी संपल्यानंतर विंडोजमध्ये प्रशासकाच्या हक्काने ‘पॉवरसीएफजी रिक्वेस्ट्स’ ही आज्ञा चालवावी. तिने दाखवलेल्या यादीत आपल्या सॉफ्टवेअरचे नाव असेल, तर झोप रोखण्याची विनंती मागे घेणारी ओळ कुठेतरी राहून गेली आहे.